उपडी वाटी

"माझ्यात काय कमी आहे, सर?"

निशिकांतनं हे विचारलं तेव्हा मी त्याच्या शेजारीच बसलो होतो आणि भोसेकर सर खेळासाठी एक नकाशा रंगवत होते. मान वर न करता त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला.

प्रश्न दसऱ्याच्या खेळाचा होता. साताऱ्यात एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही दर रविवारी फाशांवर गोष्ट खेळतो. पाळीपाळीनं एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि त्यांचं नशीब फासा ठरवतो. दसऱ्याचा मोठा खेळ वीस वर्षं सरांनी चालवला. यंदा आवाज साथ देईना, म्हणून त्यांनी तो वैदेहीकडे सोपवला. वैदेही येऊन जेमतेम दोन वर्षं झाली. निशिकांत नऊ वर्षं सरांच्या हाताखाली शिकतोय. खेळ तिच्याकडे गेल्यापासून त्याच्या पोटात जे दुखत होतं, ते काही ओव्यानं थांबणारं नव्हतं.

आमच्या टेबलावर एक पितळी वाटी असते. गोष्टीतलं काही कुणाला सोसवेना झालं, तर त्यानं ती मुकाट्यानं उपडी करायची. सूत्रधारानं गोष्ट दुसरीकडे वळवायची. नियम एवढाच.

आमच्या या शहाण्याला मात्र ती वाटी म्हणजे टाळी वाटायची. या वर्षात त्याच्या टेबलावर ती चारदा उपडी झाली, हे तो येईल त्याला ऐकवायचा. त्यातल्या दोघी जणी परत खेळायला आल्या नाहीत, हे तेवढं गाळायचा. सरांनाही त्यानं तेच ऐकवलं. वैदेहीची गोष्ट म्हणजे दूधभात, म्हणाला. तिच्या टेबलावर वाटी हललीसुद्धा नाही.

मग त्याचा आवाज खाली गेला.

"तिचा हेवा वाटतो मला, सर. तिचं नाव काढलं तरी जीव जळतो."

सरांनी ब्रश पुसून ठेवला. वाटी दोघांच्या मध्ये आणून ठेवली.

"तुझी ती विहिरीची गोष्ट सांग."

निशिकांत सरसावून बसला. सांगतो छान, ते कबूल करायलाच हवं. कोरडं पडलेलं गाव. पाणी लागावं म्हणून बळी द्यायचं ठरलेलं. नव्या सुनेला हळदकुंकू लावून विहिरीच्या काठावर आणतात. ती सासूचा पदर घट्ट धरते. सासू तिचं एकेक बोट सोडवू लागते...

सरांनी वाटी उपडी केली.

निशिकांत थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"काय झालं, सर? इथंच तर खरा कस आहे. सांगा ना, नेमकं काय लागलं?"

सर वाटीकडे बघत राहिले.

"सर, तुमच्या घरात कुणी कधी विहिरीत..."

मी त्याचं मनगट दाबलं. तेव्हा कुठं त्याचं सरांच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. हसू मावळलं. पण जळणाऱ्या माणसाला गप्प बसवत नाही.

"पण तिच्या टेबलावर तर कुणी एकदाही..."

"मागच्या रविवारी तिच्याही गोष्टीत विहीर होती," सर म्हणाले. "तू माझ्या डाव्या हाताला बसला होतास."

निशिकांत आठवू लागला. मीही आठवू लागलो. विहीर होती खरी. आम्ही आत डोकावणार, तोच वादळ सुटलं, आणि सगळे टेकडीवरच्या देवळाकडे पळत सुटलो. त्या देवळात आमची जी पाचावर धारण बसली, ती घरी पोचेपर्यंत उतरली नव्हती. निशिकांतची तर सगळ्यांत जास्त.

"वादळ सुटलं होतं," तो हळूच म्हणाला.

सरांनी वाटी उचलून सरळ केली आणि त्याच्यापुढं सरकवली.

"त्याच्या आधी मी वाटी उपडी केली होती."