घन आणि घण

फार फार जुन्या काळी एका राजधानीत किल्ल्याचा नवा दरवाजा घडवायचं काम निघालं. गावोगावचे लोहार आले. डोंगरापलीकडून एक लोहारीण आली, आपल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना आणि लेकीला घेऊन. सासरे सांडशीत तापलेलं लोखंड धरत आणि ती वरून घण घाली. "घन," अशी त्यांची हाक आली, की घाव नेमका पडे.

कारखान्याच्या कारभाऱ्याला ते ऐकवेना. तो म्हणाला, "घन म्हणजे ढग. हातात असतो तो घण. आणि ऐरन नाही, ऐरण. इथे शुद्ध बोलायचं. चुकेल त्याचा त्या दिवसाचा शिधा बंद."

शहरी लोहार हसले. चार महिन्यांत शहरी बोलू लागलेली लेकही म्हणाली, "आजा, घण म्हणा ना. लोक हसतात."

म्हातारा बोलेनासाच झाला. नुसती मान हलवून खूण करी.

एके दिवशी दरवाजाचा अडसर ऐरणीवर होता. घण वर गेला, तोच ऐरणीखालचं लाकूड चिरलं. म्हाताऱ्याला ते दिसलं. "ऐर..." एवढंच तो बोलला आणि पुढे न की ण, यात अडला. घाव पडला. लालभडक लोखंड निसटून त्याच्या हातावर आलं.

सुनेने भाजलेला हात पाण्यात धरला, कोरफडीचा गर लावला. मग ती कारभाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आजपास्नं आमी आमच्याच बोलीत बोलनार. चालत नसंल तर घन तुमी उचला."

"चालती हो इथून."

"राजाला सांगितल्याबिगर मी जायची न्हाई."

ती तिथेच बसली. किनाऱ्याकडच्या एका लोहाराने हातातलं काम खाली ठेवलं. मग माळावरच्यांनी ठेवलं. म्हाताऱ्याचा हात पाहून हसणारे शहरी लोहारही थांबले. दुपारपर्यंत सगळ्या भट्ट्या निवल्या.

ठोके थांबले म्हणून राजा स्वतः आला. कारभारी म्हणाला, "महाराज, यांना साधे शब्द येत नाहीत."

"तुला येतात ना? मग घडव."

कारभाऱ्याने सांडशी धरली आणि स्वच्छ उच्चारात "घण" म्हटलं. एकही हात उठला नाही. लोखंड तसंच गार झालं.

राजा लोहारणीकडे वळला. तिने नजर खाली केली नाही.

"महाराज, मामंजींच्या शब्दावर माझा हात उठतो आन् त्यांच्याच शब्दावर थांबतो. तो शब्द तुमच्या मानसानं त्यांच्या तोंडातून काढला, म्हनून माझा हात थांबला न्हाई."

राजाने शुद्ध बोलण्याचा हुकूम जागच्या जागी रद्द केला आणि कारभाऱ्याला महिनाभर भाता ओढायला बसवलं. म्हाताऱ्याची दोन बोटं मात्र पुन्हा वळली नाहीत. सांडशी लेकीने धरली. ती "घण" म्हणे. आईने तिला कधी टोकलं नाही. दरवाजा पुरा झाला.

तात्पर्य: ज्या शब्दावर कामाचा हात चालतो, तो शब्द शुद्धच असतो.