गुण्याची झोळी

एका गावात एक भोळा गडी होता. नाव गुणवंत. आता नाव ठेवताना कुणाला काय माहीत असतं?

त्याची थोरली बहीण सुगंधाताई पिठाची गिरणी चालवायची. दुपारी वीज गेली की गिरणी बंद, आणि दोघांचे पिठाळलेले हात मोबाईलवर. राक्षस मारायचे, त्यांची लूट गोळा करायची, असा गेम. ताई लढायची, गुण्या झोळी सांभाळायचा. शेवटी महाराक्षस. त्याच्यापुढं हरलं की जमवलेलं सगळं जातं. ताई तर सहा महिने जमवत होती.

पहिल्या राक्षसाची ढाल पडली. गुण्यानं ती उचललीच नाही. झोळीत तेहतीस फुटके माठ होते, जागा कुठली?

"अरे रताळ्या, झोळी भरली की जड असेल ते टाकून द्यावं!"

"बरं ताई."

दुसऱ्याचं सोन्याचं चिलखत मिळालं. गुण्यानं ते नदीत टाकलं. सगळ्यात जड तेच होतं.

"अगं आई गं! वजन नाही रे, किंमत बघायची! बिनकिमतीचं असेल ते वाण्याला देऊन टाकायचं."

"पटलं."

तिसऱ्याकडं महाराक्षसाच्या गुहेची किल्ली निघाली. किंमत शून्य. गेमातल्या वाण्याला ती फुकटात मिळाली. परत देताना त्यानं बदल्यात ताईची तलवार घेतली.

ताईनं कपाळाला हात लावला. "गुण्या, किंमत गेली खड्ड्यात. कुणाला गरज आहे ते बघ. ज्याला जास्त गरज, त्याला द्यायचं. कळलं?"

"हे सोपंय की!"

ताई नुसत्या काठीनं महाराक्षसाशी भिडली. मधेच वीज आली. बायका डबे घेऊन दारात उभ्या राहिल्या, पण दळणाचं कुणी नावच काढेना. राक्षस गुडघ्यावर आला. ताईचं पाव रक्त उरलं होतं.

"गुण्या, झोळीतली संजीवनी दे! लवकर!"

"दिली, ताई!"

राक्षस टुणकन उठला. त्यानं ताईला गिळलं, मग गुण्याला, मग झोळी. सहा महिने एका घासात गेले.

दारातल्या बायकांनी डबे खाली ठेवले.

"तुझं पाव रक्त होतं गं," गुण्या समजुतीनं म्हणाला. "त्या बिचाऱ्याचा एकच थेंब उरला होता. जास्त गरज कुणाला?"

ताईनं गिरणीच्या जात्याकडं बघितलं, मग गुण्याकडं.

"पण ताई, खरं सांगू? चुकलंच माझं. एवढं दिलं, मेल्यानं साधे आभारसुद्धा मानले नाहीत. पुढल्या वेळी दुसऱ्या राक्षसाला देऊ."