सहा अक्षरं, त्यात एक झेड

“...मग सही का करत नाही तुम्ही?”

शार्दूल गंधेने अर्जाचा कागद तिसऱ्यांदा बार्नबस सरांपुढे सरकवला. सरांनी तो तिसऱ्यांदा वाचला आणि चष्मा पुसायला घेतला.

शार्दूलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मिशनच्या आवारातल्या याच खोलीत सरांनी त्याला दहा वर्षं इंग्रजी शब्दांचा खेळ शिकवला होता. हाताशी सात लाकडी ठोकळे, प्रत्येकावर एक अक्षर, आणि त्यांतून पटावर शब्द लावायचा. पाच अक्षरी, सहा अक्षरी, क्यू असलेले, झेड असलेले असे हजारो शब्द त्याला तोंडपाठ होते. कोशात आहे आणि मला येत नाही असा शब्द उरलेला नाही, असं तो चारचौघांत सांगत असे. सांगायला कोणी विचारायची गरज नसे.

आणि त्याला राज्याच्या अंतिम सामन्यात हरवलं कोणी, तर कालिंदी उकिडवे नावाच्या, पोस्टाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी. शेवटी शेवटी त्यांनी पटावर ‘झोर्विन’ लावला. सहा अक्षरं, त्यात एक झेड. असा शब्दच नाही. घरी येऊन शार्दूलने तीन कोश पालथे घातले, तेव्हा त्याची खात्री झाली.

त्या सामन्याचे पंच होते बार्नबस सर. पंच गप्प बसले, म्हणजे गुरूच गप्प बसला, आणि देशाच्या स्पर्धेला जायची शार्दूलची जागा बाईंकडे गेली. आता एकच वाट उरली होती. पंचांच्या सहीनिशी तक्रार उद्यापर्यंत पोचली, तर सामना पुन्हा खेळवता येणार होता.

“त्यांनी खोटा शब्द लावला. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“कळलं होतं.”

“आणि बघत बसलात?”

“पंचाने बोलायचं नसतं. आक्षेप खेळणाऱ्याने घ्यायचा. कोश शेजारीच होता...”

सरांनी पुसलेला चष्मा डोळ्यांवर चढवला.

“तू का नाही घेतलास?”

शार्दूलने सांगितलं की घड्याळ धावत होतं. शिवाय उजेड डोळ्यांवर येत होता. आक्षेप चुकला तर आपलीच पाळी जाते, हे त्याने सरांनाच समजावलं. वर बाईंनी शब्द इतक्या थंडपणे लावला की कोणीही फसला असता. खरं कारण असलं की एक पुरतं. त्याने चार दिली.

सरांनी चारही ऐकून घेतली. मान हलवली नाही, की हूं केलं नाही.

तेवढ्याने तो आणखी पेटला. मग जे बोलू नये ते बोलला. सर म्हातारे झाले, सगळ्यांच्या नजरेत चांगलं राहण्याची त्यांना हौस लागली, शिष्य पुढे गेलेला त्यांना बघवत नाही, असं सगळं त्याने एका दमात ऐकवलं. गुरूला असं बोलणाऱ्याची जीभ झडावी. त्याची झडली नाही, उलट तिला धार चढली.

“दहा वर्षं मातीत घातलीत माझी.”

सर उठले. फळीवरून पट काढला, ठोकळ्यांची पिशवी काढली, जाडजूड कोश शार्दूलच्या गुडघ्याशी ठेवला.

“आधी एक डाव खेळू. मग सहीचं बघू.”

शार्दूल दातओठ खात खेळायला बसला. ठोकळे ठेवायचे ते आपटत होता. सर मात्र एकेक ठोकळा बोटाने सरळ करून लावत होते.

तिसऱ्या पाळीला सरांनी एक शब्द लावला. सहा अक्षरं, त्यात एक झेड.

शार्दूलने तो पाहिला. पुन्हा पाहिला. असा शब्द त्याने आयुष्यात वाचला नव्हता.

कोश गुडघ्याला टेकलेला होता. नुसता हात खाली न्यायचा होता. पण शब्द सरांचा होता. उघडावा आणि शब्द निघावा, म्हणजे एवढंही येत नाही का तुला, असं हा म्हातारा विचारणार. आज याच्याकडून तसलं काही ऐकून घ्यायची त्याची अजिबात तयारी नव्हती.

आक्षेप न घेता त्याने आपले ठोकळे उचलले.

“शब्द ठीक आहे?” सरांनी विचारलं.

“ठीक आहे.”

“ओळखीचा आहे?”

“आहे की.”

“अर्थ?”

“एक प्रकारचं गवत,” शार्दूल म्हणाला. “पाणथळ जागी होतं.”

“कुठे?”

“...आफ्रिकेत.”

सरांनी ते सहा ठोकळे पटावरून उचलले आणि एकेक करून पिशवीत टाकले.

“मी आत्ता बसल्या बसल्या जुळवला तो. गवत कुठून आणलंस?”

शार्दूलच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. राग काही ओसरला नव्हता, पण इतके दिवस तो पोस्टाच्या ज्या खिडकीकडे धावत होता, तिकडे आता जाईना. शार्दूलने त्याला सरांकडे वळवून पाहिलं.

“ही फसवणूक झाली, सर.”

“झाली.”

“तुम्ही... माझ्याशी?”

सरांनी अर्ज पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. ‘कालिंदी उकिडवे यांच्याविरुद्ध’ असं वर लिहिलेलं होतं. त्यातलं नाव त्यांनी एका रेघेने खोडलं, खाली सही केली, तारीख घातली, आणि कागद पेनासकट शार्दूलपुढे ठेवला.

“घे. माझी सही झाली. कोणाविरुद्ध, ते नाव तू घाल.”