भरमू आणि शिसवी हेडफोन

चिंचणूर गावात एक भोळा माणूस राहायचा, भरमू त्याचं नाव. वय चौतीस, मिशा झुपकेदार, आवाज खणखणीत, आणि भोळेपणा म्हणाल तर सगळ्या गावाला वाटून वर उरेल एवढा. एकदा त्याची थोरली बहीण शेवंताक्का त्याला म्हणाली, "शेजारची आत्ती आजारी हाय, जरा बघून ये." भरमू गेला, दारात उभा राहिला, आत्तीला बघितलं आणि परत आला.

"कशी हाय रं?" आक्कानं विचारलं.

"बघितली की."

"आरं, पण बरी हाय का?"

"ते इचारायचं तू कुठं सांगितलं हुतंस?"

असा हा भरमू. राहायचा बहिणीकडेच. तिचे यजमान रंगराव मेस्त्री, म्हणजे भरमूचे दाजी, लाकूड कातण्यात एकदम वाकबगार. पोळपाट म्हणू नका, पाळण्याची फुलं म्हणू नका, लेथवर लाकूड चढवलं की दाजींच्या हाताखालून लोण्यासारखं उतरायचं. भरमू खाली पडलेला भुसा झाडायचा. पण त्याचा सगळा जीव त्या लेथमध्ये. लाकूड गरागरा फिरायला लागलं की झाडू हातात तसाच राहायचा आणि हा तोंड उघडं टाकून बघत बसायचा.

"दाजी, मला बी एकदा लेथवर बसवा की."

"बसवीन. अक्कल येऊ दे आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरमू अंघोळ करून, केस विंचरून दाजींपुढे हजर. "दाजी, बघा बरं. आली का?"

एके दिवशी पुण्याहून खासनीस साहेब आले. निवृत्त इंजिनिअर. गाणी ऐकण्याचं भारी वेड. त्यांच्याकडे एक हेडफोन होता, कानांवर दोन वाट्या बसतात तसला, पण किंमत ऐकून आक्कानं पदरच तोंडाला लावला. त्या वाट्या होत्या प्लास्टिकच्या. साहेबांना त्या हव्या होत्या शिसवाच्या.

"लाकडानं आवाजाला ऊब येते, मेस्त्री," साहेब म्हणाले. त्यांनी पिशवीतून शिसवाचे दोन जाडजूड पाय काढले. "माझ्या आजोबांच्या पलंगाचे आहेत. एवढेच उरलेत. यातून वाट्या काढा. हेडफोन मागाहून पाठवतो. आणि त्याला जोडीला अॅम्प्लिफायर लागतो, तोही पाठवतो. दोघांचं एकमेकांशी जमलं पाहिजे, नाहीतर सगळं मुसळ केरात!"

साहेबांची गाडी गेली. दाजींनी भरमूला जवळ बोलावलं. "हे बघ, सांगितलेलं नीट ध्यानात धर. सायेब खूश होऊन गेला, की दुसऱ्या दिवशी तू लेथवर. माझा शब्द."

भरमूच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं मनाशी ठरवलं, दाजी सांगतील तो शब्द न् शब्द पाळायचा. आता बघा, माणूस शब्द पाळायला लागला की चांगलंच होतं ना? तर नाही.

दाजींनी एक पाय हातात घेतला. "वलसर लागतोय. वाळवून ठेव," म्हणाले आणि बाजाराला गेले.

वाळवायचं कसं हे भरमूला ठाऊक होतं. आक्का पापड वाळवायची तेव्हा तोच तर राखण बसायचा. त्यानं शिसवाचा पाय पत्र्यावर नेऊन ठेवला. वैशाखाचं ऊन. दर तासाला वर चढून पापडासारखा उलटा करायचा. वर काठी घेऊन कावळे हाकलायचा. तिसऱ्या दिवशी फाट्टकन आवाज झाला. पाय उभा तडकला होता.

दाजींनी कपाळाला हात लावला. "आरं शहाण्या, लाकडाला ऊन दावायचं नसतं! वल्या पोत्यात गुंडाळायचं, न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवायचं, रोज वरनं पाणी शिंपडायचं. मग ते सावकाश, न तडकता वाळतं. कळलं?"

"कळलं दाजी. वलं पोतं, न्हाणी, पाणी."

एकदा सांगितलेलं भरमू कधी विसरत नसे. खरा घोटाळा तिथंच होता.

उरलेला पाय दाजींनी स्वतःच्या कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. चार दिवसांनी कुरिअरवाला आला. दाजी घरी नव्हते. खोक्यात हेडफोन, काळाभोर, मऊ गाद्यांचा, चकचकीत. भरमूनं तो दोन्ही हातांनी अलगद उचलला. म्हणाला, "ह्याला काय बी होऊ द्यायचं न्हाई." ओलं पोतं आणलं. गुंडाळला. न्हाणीच्या कोपऱ्यात ठेवला. रोज पाणी शिंपडायचं होतं, पण वस्तू महागाची, म्हणून भरमूनं सकाळ-संध्याकाळ शिंपडलं.

दोन दिवसांनी दाजी परगावाहून परतले, अंघोळीला गेले आणि उघड्या अंगानं ओरडतच बाहेर आले.

हेडफोन उचलला तर त्यातून पाण्याची धार. दाजींनी तो पुसला, झटकला, फुंकर मारली आणि आक्काच्या तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवला. तीन दिवस घरात सगळे भाकरीवर राहिले. चौथ्या दिवशी हेडफोन बाहेर काढला, मोबाइलला जोडला, तर लागला की बोलायला!

दाजींनी देवाला हात जोडले आणि भरमूकडे वळले. "बघितलंस? ही तारेची वस्तू. तारेच्या वस्तूला पाणी न्हाई दावायचं. दाण्यात ठेवायची. दाणं वल शोषून घेत्यात. कळलं?"

"कळलं दाजी. तारेची वस्तू, दाण्यात."

पुढच्याच आठवड्यात अॅम्प्लिफायर आला. जड लोखंडी पेटी, वरच्या झाकणाला बोट जाईल एवढी भोकं, आत काचेचे चार बल्ब. बल्ब तापले की हा चालतो, असं साहेबांनी चिठ्ठीत लिहिलं होतं. मागून तार लोंबत होती. तार दिसली आणि भरमू कामाला लागला. पण पेटी काही तांदळाच्या डब्यात मावेना. उभी घालून बघितली, आडवी घालून बघितली. मग त्यानं डोकं चालवलं. वस्तू दाण्यात मावत नाही ना? मग दाणे वस्तूत मावतील! आक्का तांदळाला हात लावू देईना, म्हणून ज्वारी घेतली. एकेका भोकातून एकेक मूठ, अशी पायलीभर ज्वारी आत गेली. पेटी हलवून बघितली. गच्च.

संध्याकाळी दाजींनी मोठ्या कौतुकानं अॅम्प्लिफायर सुरू केला, हेडफोन कानाला लावला आणि पाटावर टेकले. थोड्या वेळानं म्हणाले, "तडतड येतीय." आणखी थोड्या वेळानं तडतड वाढली. दाजींनी हेडफोन काढला, तरी तडतड येतच राहिली. तेवढ्यात झाकणाच्या भोकातून एक पांढरी लाही टुणकन उडाली आणि दाजींच्या मिशीत अडकली. मग दुसरी. मग नुसता लाह्यांचा पाऊस.

"आक्का, मीठ आण गं," भरमू म्हणाला.

दाजींनी धावत जाऊन भिंतीतली पिन उपसली. रात्रभर जागून चिमट्यानं दाणे काढले. नशीब त्यांचं, बल्ब शाबूत होते. सकाळी लाल डोळ्यांनी ते भरमूला म्हणाले, "आरं बाबा, जी वस्तू तापती ती मोकळी ठेवायची. वर काय घालायचं न्हाई, आत काय घालायचं न्हाई. चारी अंगांनी वारं खेळू द्यायचं! कळलं?"

"कळलं दाजी. तापलेली वस्तू, वारं."

आता दाजींनी उरलेला पाय लेथवर चढवला. दोन दिवस खपून दोन वाट्या उतरवल्या. काय वाट्या त्या! आतून गुळगुळीत, बाहेरून शिसवाच्या काळ्या-तांबड्या रेघा. लेथ फिरता ठेवूनच लाखेचं पॉलिश चढवलं आणि वाट्या फळीवर ठेवून दाजी जेवायला गेले. स्वतःच्या लग्नात हसला नसेल एवढा माणूस त्या दिवशी हसत होता.

भरमूनं एका वाटीला हळूच बोट लावलं. लेथवर घासून ती गरम झालेली. तापलेली! आणि इथं बंद खोलीत! भरमूनं दोन्ही वाट्या दोरीला बांधल्या आणि अंगणात कपडे वाळवायच्या तारेवर मोकळ्या वाऱ्यात टांगल्या. अंगणात आक्का बसली होती ज्वारी पाखडत. अॅम्प्लिफायरमधून निघालेलीच ज्वारी, टाकून थोडीच देणार? वारा सुटला. कोंडा उडाला. कोंबड्यांची पिसं उडाली. पॉलिश अजून ओलं.

दाजी ढेकर देत बाहेर आले तर तारेवर अस्वलाचे दोन कान टांगलेले.

या वेळी दाजी ओरडले नाहीत. आक्का म्हणते, तेव्हाच तिला भीती वाटली. ते आत गेले, वाट्या पॉलिश-पेपरनं घासून साफ केल्या, पुन्हा पॉलिश लावलं, आणि मग भरमूला समोर उभा केला.

"नीट ऐक. पॉलिश वलं असताना तू हलायचं न्हाईस. हललास की धूळ उडती. बोलायचं न्हाईस. बोललास की थुंकी उडती. जिथं असशील, जसा असशील, तसा हुभा ऱ्हायचं. मी बोल म्हणंपतुर. कळलं?"

भरमू बोलला नाही. हललाही नाही. पॉलिश ओलं होतं ना. रात्री पॉलिश वाळल्यावर दाजींनी ‘बोल’ म्हटलं, तेव्हा कुठं तो जेवायला हलला.

खासनीस साहेब दुसऱ्याच दिवशी येणार होते. दाजींनी सकाळी, भरमू उठायच्या आतच, पॉलिशचा आणखी एक शेवटचा हात मारला, वाट्या हेडफोनला बसवल्या, अॅम्प्लिफायर पुसून स्टुलावर ठेवला. गाडीचा हॉर्न वाजला तशी त्यांची धांदल उडाली. "भरमू, चटई सरळ कर! पंखा बंद कर, सायबांना आवाज नको! आन् ती पिन लाव!"

भरमूनं चटई सरळ केली. पंखा बंद केला. तिसऱ्या कामाला वाकून उठला आणि भिंतीकडे वळला, तेवढ्यात साहेब दारातून आत आले आणि दाजी म्हणाले, "या सायेब, या. जरा जपून धरा, पॉलिश अजून वलं हाय."

भरमू जागच्या जागी थांबला. एक पाय पुढे, एक मागे, एक हात पाठीशी.

साहेबांनी वाट्या पाहिल्या आणि त्यांचा आवाजच बदलला. "मेस्त्री, आजोबांच्या पलंगावर मी लहानपणी झोपायचो हो." त्यांनी खिशातून गाण्यांचं छोटं यंत्र काढून पेटीला जोडलं, हेडफोन कानांवर चढवला आणि डोळे मिटले. दाजींनीही हात जोडून डोळे मिटले.

"वा!" साहेब म्हणाले. "काय शांतता आहे! कुठं खरखर नाही, काही नाही."

पाच मिनिटं गेली.

"आलाप फारच सावकाश घेतलाय," साहेब म्हणाले.

आणखी दहा मिनिटं गेली. साहेबांनी डोळे उघडले. "मेस्त्री, आवाजच नाही. मला वाटलंच होतं. जोडी जमत नाहीये. तुमचं शिसव या अॅम्प्लिफायरला जड जातंय. वाट्या पातळ करा."

दाजींनी वाट्या काढल्या, लेथवर चढवल्या, पातळ केल्या, परत बसवल्या. साहेबांनी ऐकलं. "किंचित फरक आहे. पण अजून पातळ हव्यात."

भरमू उभाच. नाकावर माशी बसली. त्यानं फुंकरसुद्धा मारली नाही. पायाला मुंग्या आल्या, घाम मिशीतून ओठावर उतरला. पण डोळ्यांपुढे लेथ फिरत होता आणि त्यापुढे बसलेला भरमू, हातात लाकूड कातायची पटाशी घेतलेला. आज चुकायचं नाही! दाजींनीही येता-जाता एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना भरून आलं. एवढ्या गडबडीत गडी कसा शहाण्यासारखा उभा आहे! दाजी मनात म्हणाले, काही झालं तरी उद्या ह्याला लेथवर बसवायचाच.

तिसऱ्यांदा वाट्या पातळ झाल्या. पापडासारख्या झाल्या. उन्हात धरल्या तर पलीकडचा उजेड दिसायला लागला.

"अजून एक हात," साहेब म्हणाले. "जमत आलंय."

दाजींनी श्वास रोखून पटाशी टेकवली. टक्! एक वाटी गेली. दुसरी चढवली, तीही गेली. लेथखाली शिसवाच्या ठिकऱ्या पडल्या. साहेब गुडघ्यांवर बसून त्या गोळा करायला लागले आणि त्यांना रडू फुटलं. दाजी तिथंच भुशात बसले. त्यांनाही रडू आलं. इतक्या वर्षांत हातून अशी वस्तू फुटली नव्हती. दारातून आक्का बघत होती, तीही पदर डोळ्यांना लावून रडायला लागली.

"संपलं सगळं," दाजी म्हणाले. त्यांनी मान वर करून भरमूकडे पाहिलं. "भरमू, आरं दगडासारखा हुभा काय ऱ्हायलास? तू तरी बोल की काय तरी!"

भरमूनं मोठा श्वास सोडला. तोंडभर हसला. पाठीशी धरलेला हात त्यानं पुढे आणला. हातात अॅम्प्लिफायरची पिन होती.

"पॉलिश वाळलं का, दाजी?" भरमू म्हणाला. "मग ही लावू आता?"