निळी पावलं

पुष्कळ जुन्या काळची गोष्ट. एका राजानं राजवाड्याच्या अंगणात घोटून गुळगुळीत केलेल्या फिकट दगडाच्या फरश्या बसवल्या. काम संपलं, तेव्हा तुकड्यांचा मोठा ढीग उरला. राजमाता म्हणाल्या, "फेकू नका. मी पाय धुते त्या जागी या तुकड्यांचा रंगीत मोर करा."

रंगवायचं काम दरबारच्या रंगाऱ्यानं घेतलं. चाळीस वर्षं त्यानं लुगडी आणि फेटे रंगवले होते, आणि ऐट म्हणाल तर राजापेक्षा काकणभर जास्तच.

तुकडे बसवणारी पाथरवटीण त्याला म्हणाली, "रंगारीबुवा, घोटलेला दगड रंग पीत नाही. आधी वाळूनं घासा, धुवा, उन्हात वाळवा. मग रंगवा."

"बाई, तुम्ही आपली छिन्नी सांभाळा. रंगातलं मला शिकवू नका!"

त्यानं दोन दिवसांत तुकडे रंगवून दिले. तिनं ते बसवले. मोर दिसायला झकास झाला, हे कबूल करायलाच हवं.

राजमाता देवळातून आल्या. मोरावर उभं राहून त्यांनी पाय धुतले आणि आत गेल्या. अंगणापासून थेट सिंहासनापर्यंत निळी पावलं उमटली! दरबारात हशा पिकला. राजा मात्र हसला नाही. "आठ दिवसांत मोर पक्का झाला नाही, तर दुसरा रंगारी नेमीन," तो म्हणाला.

रंगाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. चाळीस वर्षांची अब्रू जायची वेळ आली. तो पाथरवटिणीच्या दारात उभा राहिला.

"बाई, माझं चुकलं. मला शिकवा." हे म्हणणं त्याला फार जड गेलं, पण तो म्हणाला.

तिनं वाळूची पाटी त्याच्यापुढे सरकवली. मोर उखडून तो एकेक तुकडा घासत बसला. बोटांची सालं निघाली, तेव्हा कुठे दगडाची चकाकी उतरली. धुऊन वाळवलेल्या त्या खरखरीत दगडात रंग छान मुरला, आणि पाथरवटिणीनं मोर पुन्हा बसवला.

आठव्या दिवशी राजमातांनी पुन्हा पाय धुतले. सगळ्यांच्या नजरा फरशीवर. एकही निळं पाऊल उमटलं नाही.

"शाबास, रंगारीबुवा!" राजा म्हणाला.

"महाराज, रंग माझा. पण तो टिकवायला या बाईंनी शिकवलं."

राजानं रंगाऱ्याची जागा कायम ठेवली आणि पाथरवटिणीलाही दरबारात मानाची जागा दिली. रंगाऱ्याची ऐट पुरती गेली असं नाही. पण माहीत नसेल ते विचारायला तो पुन्हा कधी लाजला नाही.

तात्पर्य : ऐट घासून काढल्याशिवाय नवी विद्या अंगात मुरत नाही.