पिवळ्या फुलाखाली

फार पूर्वी एका छापखान्यात पिवळी शाई मोठ्या तोऱ्यात राहायची. एकदा कारागिराने ती वापरून काळ्या सदऱ्यावर सूर्यफूल छापलं, तर ती कापडात बुडाली आणि नुसता मळकट डाग उरला.

"तू मला गिळलंस," ती सदऱ्यावर चिडली.

"आता मला फडक्यांत टाकतील," सदरा कष्टी होऊन म्हणाला.

तेव्हा शेजारची दाट पांढरी शाई म्हणाली, "आधी मला पसरू दे. मी सुकले की तू माझ्यावर ये."

"पण मग तू कुणालाच दिसणार नाहीस," पिवळी म्हणाली.

"तुम्ही दोघं तरी वाचाल."

कारागिरालाही तेच सुचलं. पांढरीवर पिवळी चढली आणि सूर्यफूल लखलखलं. सगळे पिवळीचं कौतुक करू लागले. तिने मात्र हळूच खाली विचारलं, "ताई, माझा भार होत नाही ना तुला?"