चार बोटांची हळद

एका राज्यात हळद इतकी पिकायची की चिमण्यासुद्धा पिवळ्या पावलांनी घरट्यात शिरायच्या. बाजाराची रीत मात्र मुकी होती. विकणाऱ्याने शेल्याखाली हात घालायचा, घेणारा जितकी बोटे धरील तितक्या मोहरा पोत्याला; आणि मिळालेला भाव दुसऱ्याला सांगायचा नाही.

त्या बाजारात कालदंत नावाचा मायावी व्यापारी आला. त्याच्या काळ्या शेल्याखाली विकणाऱ्याची बोटे आपोआप मिटत. पाचाची चार झाली, चाराचे एक झाले. ज्याला त्याला वाटे, आपलेच नशीब फुटके! लाजेने सगळे गप्प.

हौसाक्का नावाच्या शेतकरणीची अर्धी हळद अशीच एका बोटावर गेली. उरलेलीही तशीच गेली, तर बेण्याची पोती विकावी लागणार होती. मग पुढच्या वर्षी शेतात लावायचे काय?

तेव्हा वेशीवरची साळुंकी म्हणाली, "तीन हात एकदम त्या शेल्याखाली घाल. पिकवणाऱ्याचा, रांधणाऱ्याचा आणि राज्य राखणाऱ्याचा. माया तुटेल."

पहिला हात हौसाक्काचाच होता. दुसरा राजवाड्यातल्या आचाऱ्याने दिला. "आमटीला रंग तुझ्यामुळेच, आक्का. चल." तिसऱ्यासाठी ती दरबारात उभी राहिली.

प्रधान गरजला, "महाराजांनी बाजारात हात घालायचा?"

"कर घ्यायला घालतातच की," हौसाक्का म्हणाली.

राजा विजयध्वज खळखळून हसला आणि सिंहासनावरून उठला.

शेल्याखाली तिघांचे हात गेले, तशी राजाचीही बोटे मिटू लागली. त्याचा चेहरा उतरला.

"माझ्या प्रजेला रोज असे होते?"

"रोज, महाराज."

हौसाक्काने आणि आचाऱ्याने आपल्या हळदीच्या हातांनी जोर लावून त्याचे एकेक बोट उघडले. चार उघडली. मग त्या बाजारात कधी कोणी केले नव्हते ते राजाने केले. तो मोठ्याने ओरडला, "चार! याच्या खाली कोणी मागितली, तर सारी हळद माझे कोठार पोत्याला चार मोहरांनी घेईल!"

टरकन शेला फाटला. कालदंताची बोटे मिटली, मग हात मिटले, मग तो सगळाच मिटला. उरला एक काळा खडा. साळुंकीने तो नदीत नेऊन टाकला.

त्या दिवसापासून जो तो आपला भाव ओरडून सांगू लागला. बाजारात कान किटले, पण कुणाची तक्रार नव्हती. राजाची बोटे पुढे कितीतरी दिवस पिवळी होती. राणीने धुवायला सांगितली, तर म्हणाला, "राहू देत."

हौसाक्काची उरलेली हळद चार बोटांवर गेली. बेण्याची पोती तिने उघडली ती थेट शेतात. तिचे बेणे रुजले, तसे ऐकणाऱ्यांचेही रुजो.